सगळं शून्य, तर मग गुडघा कोणाचा दुखतो?

आमच्या विहाराला पत्र्याचं छप्पर आहे. ठाण्यात श्रावणात पाऊस जोरात आला की पत्र्यावर असा काही ताशा वाजतो की ग्रंथ वाचणाऱ्याला थांबावंच लागतं. वाचत असलेल्या ओळीवर बोट ठेवून तो वर बघत राहतो आणि आम्ही त्याच्याकडे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. या तीन महिन्यांत ठाणे-कळव्यापासून ऐरोली-घणसोलीपर्यंत अनेक विहारांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. त्या संध्याकाळी अनित्यतेचा आणि शून्यतेचा भाग होता. पाऊस ओसरला, वाचन संपलं, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या आक्कांनी पाय चोळत विचारलं, "सगळं शून्य म्हणता. मग हा गुडघा दुखतोय तो कोणाचा?"

हशा पिकला. मग उत्तरांची सरबत्ती सुरू झाली. एक जण म्हणाला, शून्य म्हणजेच निर्वाण. दुसऱ्याने शून्याचा शोध भारतात लागला यावर पाच मिनिटं घेतली. तिसरा म्हणाला, इगतपुरीला जाऊन दहा दिवस विपश्यना करा, आपोआप कळेल. आक्कांचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. खरं तर तो फार जुना आणि फार नेमका प्रश्न आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाच्या विरोधकांनी त्याला जवळजवळ हेच विचारलं होतं: सगळं शून्य असेल तर दुःख कुठलं, आणि दुःखातून सुटका तरी कुठली? त्याच्या 'मूलमध्यमककारिका' या ग्रंथातलं चोविसावं प्रकरण याच आक्षेपाने सुरू होतं. तेव्हा आक्का योग्य माणसांच्या पंक्तीला आहेत.

अनित्यता तर आपण रोज म्हणतो

वंदनेच्या वेळी फुलं वाहताना आपण जी गाथा म्हणतो तिची शेवटची ओळ अशी: 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.' हे फूल जसं कोमेजतं, तसाच माझा देहही विनाशाकडे चालला आहे. आमच्याकडची पोरं ही ओळ चालीत, घाईघाईने आणि खिरीच्या पातेल्याकडे डोळा ठेवून म्हणतात. फूल तिथे कोणाला प्रसन्न करायला ठेवलेलं नाही. ते नमुना म्हणून ठेवलं आहे. सकाळी वाहिलेला मोगरा संध्याकाळी तपकिरी होतो, तो धडाच समजा.

दुसरी गाथा कानावर पडते ती कुणी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात: 'अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो.' महापरिनिब्बान सुत्तात, बुद्धांचं परिनिर्वाण झाल्यावर ती येते. (सुत्त म्हणजे पाली ग्रंथांतलं उपदेशाचं प्रकरण.) अनिच्च म्हणजे अनित्य. आणि संखार म्हणजे कारणं जुळून आल्यामुळे घडलेली कुठलीही गोष्ट: डोंगर, राग, राज्य, गुडघा. उपजणं आणि विरणं हा त्यांचा धर्मच आहे, असं ती गाथा म्हणते.

आता यात नवीन ते काय, असं कुणीही म्हणेल. जन्मला तो मरणार, हे सांगायला बुद्ध कशाला हवेत? इथेच थोडं थांबायला हवं. आपण अनित्यतेचा अर्थ 'वस्तू आधी छान टिकून असते आणि मग एक दिवस मोडते' असा घेतो. मिक्सर सात वर्षं चालला आणि आठव्या वर्षी जळला, तर आपल्या लेखी अनित्यता आठव्या वर्षी आली. बुद्धांचं म्हणणं याहून बारीक आहे. मिक्सर पहिल्या दिवसापासून झिजत होता. बदल ही वस्तूवर बाहेरून येऊन आदळणारी घटना नाही. वस्तू असते तीच बदलत असते.

पत्र्यावरच्या पावसाचंच घ्या. 'पाऊस पडतोय' असं आपण म्हणतो, जणू पाऊस नावाचा कुणी आहे आणि पडणं हे त्याचं काम आहे. मग पडायचं थांबलं की पाऊस कुठे जाऊन बसतो? पडण्यावेगळा पाऊस नाहीच. नागार्जुनाने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्याच प्रकरणात चालणारा आणि चालणं यांची अशीच उलटतपासणी घेतली आहे. वाचताना डोकं गरगरतं, पण मुद्दा पत्र्यावरच्या पावसाइतका साधा आहे. भाषा आपल्याला आधी एक कर्ता देते, मग त्याला क्रिया चिकटवते, आणि आपण त्या कर्त्याला शोधत फिरतो.

सोसायटी कुठे आहे ते दाखवा

आमची इमारत गेल्या वर्षी पाडली. चार मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्याला ओल. पुनर्विकासाची चर्चा एवढी वर्षं चालली की सुरुवातीला विरोध करणारे दोघे शेवटी कट्टर समर्थक होऊन वारले. आता तिथे हिरव्या पत्र्यांच्या आत मोठा खड्डा आहे, त्यात पाणी, आणि पाण्यात बेडूक. सभासद भाड्याने पांगलेत: कुणी कळव्याला, कुणी घोडबंदरला, कुणी गावी.

तरीही मागच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा झाली. भाड्याच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं झाली, इतिवृत्तात 'सोसायटीने सर्वानुमते ठराव केला' असं लिहिलं गेलं. मी तेव्हा विचारात पडलो, की ही सोसायटी आहे कुठे? इमारत म्हणावी तर ती नाही. जमीन म्हणावी तर जमीन ठराव करत नाही. सभासद म्हणावेत तर मूळच्यांपैकी निम्मे आता नाहीत, कुणी विकून गेले, कुणाच्या जागी मुलं आली. नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणावं तर त्याची झेरॉक्स प्रत प्रत्येकाकडे आहे. नावाची पाटी? ती सेक्रेटरींच्या भाड्याच्या खोलीत, पलंगाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे.

म्हणून सोसायटी नाही का? नाही कशी, वर्गणीची नोटीस येते की! पण या सगळ्यांतून वेगळी, सगळं वजा केल्यावर उरेल अशी 'सोसायटी' कुठे सापडत नाही. जमीन, माणसं, कागद, सवय आणि कायदा एकमेकांना टेकून उभे असतात, तोवर त्या टेकण्याला आपण सोसायटी म्हणतो.

हेच उदाहरण जुन्या ग्रंथांत रथाचं आहे. राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, भिक्खू नागसेनांना भेटायला येतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात त्यांचा संवाद आहे. नागसेन म्हणतात, नागसेन हे फक्त नाव आहे, यात कुणी टिकून राहणारी व्यक्ती सापडत नाही. राजा त्यांची फिरकी घेतो: मग चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, कोण घालतं, जेवतं कोण? नागसेन शांतपणे विचारतात, महाराज, पायी आलात की वाहनाने? रथातून. बरं, मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? सगळ्याला राजा 'नाही' म्हणतो. मग रथ कुठे आहे? शेवटी राजा कबूल करतो, की हे सगळे भाग जुळून आले म्हणजे व्यवहारात 'रथ' हा शब्द वापरतात. नागसेन म्हणतात, माझंही तसंच.

हा दृष्टान्त मुळात नागसेनांचा नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात वजिरा नावाच्या भिक्खुणीने, मोहात पाडायला आलेल्या माराला हेच सुनावलं आहे: भाग एकत्र आले की रथ हा शब्द होतो, तसे स्कंध असले की 'सत्त्व', म्हणजे जीव, असं आपण म्हणतो. स्कंध म्हणजे माणूस ज्या पाच गोष्टींचा जुळून बनतो त्या: शरीर, संवेदना, ओळख, मनाचे संस्कार आणि जाणीव. नागसेनांनी पुरावा म्हणून तिचीच गाथा उद्धृत केली आहे. श्रेय मात्र बहुतेक वेळा त्यांनाच मिळतं.

रिकामं, पण कशापासून?

मराठीत शून्य हा शब्द बदनाम आहे. गणितात शून्य मिळालं, शून्य नजरेने बघत होता, शून्यातून विश्व उभारलं. सगळीकडे अर्थ एकच, काहीच नाही. संस्कृतात या शब्दाचं मूळ फुगण्याशी, सुजण्याशी जोडतात. बाहेरून टम्म, आतून पोकळ.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की 'रिकामं' हे नेहमी अर्धं वाक्य असतं. आई म्हणते डबा रिकामा आहे, तेव्हा तिला म्हणायचं असतं की त्यात लाडू नाहीत. डबाच नाही, असं ती म्हणत नाही. मज्झिम निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात चूळसुञ्ञत सुत्त आहे, त्यात बुद्ध आपला शिष्य आनंद याला नेमकं हेच दाखवतात. आपण राहतो आहोत तो हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे आणि सोन्याचांदीपासून रिकामा आहे, पण भिक्खुसंघापासून रिकामा नाही. जे नाही ते नाही म्हणून बघावं, जे उरलं आहे ते 'आहे' असं जाणावं. म्हणजे कुणी 'शून्य' म्हटलं की लगेच विचारायचं, कशापासून?

आनंदाने हे विचारलंही. 'जग शून्य आहे असं म्हणतात, ते कशामुळे?' बुद्ध म्हणाले, ते 'मी'पासून आणि 'माझं'पासून रिकामं आहे, म्हणून. जुन्या पाली सुत्तांत शून्यतेचा मुख्य अर्थ हा असा आहे. डोळा आहे, रूप आहे, बघणं आहे. त्यांच्या मागे बसलेला मालक नाही.

पाली वाङ्मयातलं यावरचं सगळ्यांत सुंदर सुत्त माझ्या मते फेणपिंडोपम सुत्त. गंगेच्या काठी बुद्ध वाहत्या फेसाकडे बोट दाखवतात. शरीर त्या फेसाच्या गोळ्यासारखं, संवेदना पावसाच्या बुडबुड्यासारखी, ओळख मृगजळासारखी, संस्कार केळीच्या खांबासारखे आणि जाणीव जादूगाराच्या खेळासारखी. कळव्याच्या पुलावरून ओहोटीला खाडी बघितलीत तर फेसाचे असे गठ्ठे वाहताना दिसतात. दुरून चांगले भरीव वाटतात. पण मला त्यातला केळीचा खांब जास्त आवडतो, कारण तो मी हाताने सोलला आहे. लग्नाच्या मांडवाला लावलेला खांब दुसऱ्या दिवशी विळ्याने कापून एकेक सोपट काढत गेलो. ओलसर, पांढरी, जाळीदार सोपटं, आणि शेवटी आत सळसळीत कोवळा गाभा. तोही घडाचा कोवळा दांडाच, लाकूड नव्हे. सागाच्या लाकडात असतो तसा नार, म्हणजे टणक गाभा, शोधायला गेलात तर हात फक्त चिकट होतात. केळ मात्र खोटी नव्हती. तिला घड लागला होता आणि तो आम्ही खाल्लाही होता.

नागार्जुनाने काय वेगळं केलं

बुद्धांनंतरच्या काही बौद्ध पंडितांनी जगाचे सुटे भाग करून त्यांच्या याद्या बनवल्या. रथ खरा नाही, पण त्याचे सूक्ष्मातले सूक्ष्म घटक तरी खरे आहेत, त्यांना स्वतःचा 'स्वभाव' आहे, असं त्यांच्यातल्या काहींचं मत होतं. इथे स्वभाव म्हणजे रागीट किंवा मायाळू नव्हे. दुसऱ्या कशावरही न टेकता, आपल्यापुरतं आपलं असणं, म्हणजे स्वभाव. नागार्जुन म्हणाला, असा स्वभाव घटकांनाही नाही. कशालाच नाही. शून्य म्हणजे अशा स्वभावापासून रिकामं.

त्याची कारिका, म्हणजे श्लोक, प्रसिद्ध आहे: 'यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे.' प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे एकावर टेकून दुसरं उपजणं. बुद्धांच्या शब्दांत, हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही. नागार्जुन म्हणतो, आम्ही ज्याला शून्यता म्हणतो ते दुसरं काही नाही, हेच आहे. शून्यता आणि एकमेकांवर टेकून असणं ही एकाच गोष्टीची दोन नावं.

घरातलं उदाहरण घेऊ. माझा धाकटा भाऊ मामा कधी झाला? आमच्या बहिणीला मुलगा झाला त्या रात्री, रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपेत असताना. त्याने काहीच केलं नाही, त्याच्यात एक कणही वाढला नाही, आणि तो मामा झाला. मामापण त्याच्या आत शोधलं तर सापडणार नाही. म्हणून ते खोटं आहे का? भाच्याच्या वाढदिवसाला विचारा त्याला, खिसा सांगेल.

यावर कुणी म्हणेल, मामापण टेकलेलं असेल, पण तो माणूस तर आपल्यापुरता आहेच ना? नागार्जुन तिथेही थांबत नाही. 'मुलगा' असणं आईबापांवर टेकलेलं, शरीर अन्नावर, श्वास हवेवर, 'उंच' असणं बुटक्यांवर. जिथे हात लावाल तिथे टेकू निघतो. सगळे टेकू काढले की मधोमध एक निखळ माणूस उभा सापडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि शून्यता हा तरी त्या सगळ्याखालचा पाया आहे का? तर तोही नाही. शून्यतासुद्धा शून्य. जे शून्यतेलाच धरून बसतात ते असाध्य रोगी, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. पंथाच्या नेत्यांत इतका प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

"मग काहीच नाही असं सरळ म्हणा की!"

हा आक्षेप सगळ्यांत जुना. त्याला नागार्जुनाचं उत्तर सापाचं आहे: चुकीच्या पद्धतीने समजलेली शून्यता मंदबुद्धीच्या माणसाचा नाश करते, चुकीचा पकडलेला साप करतो तसा. ही उपमाही त्याच्या आधी बुद्धांनी अलगद्दूपम सुत्तात वापरली आहे. शेपटी धरली तर साप वळून डसतो. दुबेळक्याच्या काठीने आधी दाबून मग मान धरावी लागते. येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात पार्किंगमध्ये साप निघाला की सर्पमित्राला फोन जातो, आणि तो काठी कुठे टेकवतो हे सगळं संकुल गॅलरीतून बघतं.

शून्यतेची शेपटी म्हणजे 'काहीच नाही'. तिला जुना शब्द आहे उच्छेदवाद. उलट 'आत काहीतरी कायमचं आहे' हा शाश्वतवाद. बुद्धांचा मध्यम मार्ग या दोहोंच्या मधून जातो. तो दोघांत तडजोड करत नाही, दोघांचा समान गैरसमज दाखवतो: 'असणं' म्हणजे स्वतंत्र, कायमचं असणंच, हे दोघांनीही धरून ठेवलेलं असतं.

"कर्ज काढणारा मी वेगळा होतो"

मी अनेक वर्षं एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली. समजा, एखादा ग्राहक आला आणि म्हणाला, साहेब, २००९ मध्ये सही करणारा मी आता उरलो नाही, क्षणाक्षणाला बदलतोय, हप्ता कसला मागता? असा ग्राहक मला भेटला नाही, पण मिलिंद राजाच्या मनात नेमका हाच प्रश्न होता. नागसेनांनी त्याला आंबेचोराची गोष्ट सांगितली. चोर म्हणतो, याने लावलेले आंबे वेगळे, मी तोडलेले वेगळे, मी निर्दोष. राजा म्हणाला, नाही, त्याला शिक्षा व्हायलाच हवी, कारण ते आंबे लावलेल्या आंब्यांवर टेकूनच आले. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचंही तसंच. पहिल्या प्रहराची ज्योत ती पहाटेची नव्हे, पण दुसऱ्याच दिव्याचीही नव्हे. 'न च सो, न च अञ्ञो.' तोच नाही, आणि दुसराही नाही.

जबाबदारीला कायमचा आत्मा लागत नाही, अखंड साखळी पुरते. उलट, 'मी'ला खरोखरच स्वतंत्र आणि न बदलणारा मानलं, तर त्याने केलेल्या कृतीचा त्याच्यावर परिणाम व्हायला जागाच उरत नाही.

इथे नागार्जुनाची दोन सत्यंही लक्षात ठेवायची. व्यवहारातलं सत्य आणि परमार्थातलं सत्य. व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवताच येत नाही, असं तो म्हणतो. येऊरच्या डोंगरापलीकडे, बोरिवलीच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांनी तिथे दानं दिली. त्या शिलालेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो: मूळ ठेव हलवायची नाही आणि तिच्या उत्पन्नातून भिक्खूंची चीवरं वगैरे भागवायची. थोडक्यात मुदत ठेव. अनित्यता शिकवणाऱ्यांनी दगडावर कोरून 'अक्षय' ठेव घेतली, याचं मला बँकवाला म्हणून हसू येतं. पण त्यात विसंगती नाही. सगळं अनित्य आहे म्हणूनच दरवर्षी चीवर फाटतं आणि त्याची तरतूद करावी लागते.

"हे मायेसारखंच झालं की"

नाही. अद्वैत वेदान्तात जग मिथ्या म्हटलं, तरी त्यामागे ब्रह्म सत्य उरतं. दोरीवर साप भासतो, पण दोरी तर आहे. शून्यतेत खाली दोरी ठेवलेली नाही. दोन्ही परंपरांनी एकमेकींशी शतकानुशतकं वाद घातला, तो शब्दांचा घोळ म्हणून नव्हे.

याच ओघात निर्वाणाचं उरकून घेऊ, कारण कुणी ना कुणी विचारतंच, की सगळंच अनित्य, तर निर्वाणही का? धम्मपदातल्या ओळी नीट बघा. 'सब्बे सङ्खारा अनिच्चा', पण पुढे 'सब्बे धम्मा अनत्ता'. शब्द मुद्दाम बदलला आहे. जे घडलेलं आहे ते अनित्य. निर्वाण घडवलेलं नाही, म्हणून पाली परंपरेत ते अनित्य धरत नाहीत. अनात्म मात्र तेही.

"सगळं जाणारच, तर भांडायचं कशाला?"

हा आक्षेप मला सगळ्यांत धोकादायक वाटतो, कारण तो शहाणपणाचं सोंग घेऊन येतो. पगार थकला, अपमान झाला, पाणी आलं नाही, की कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, सगळं क्षणभंगुर आहे. ऐकणारा गप्प बसतो आणि सोय भलत्याचीच होते.

बाबासाहेबांनी नेमकं याच्या उलट वाचलं. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ते लिहितात, की बौद्धांची शून्यता म्हणजे निव्वळ नास्तिवाद नव्हे, जगात क्षणोक्षणी चाललेला बदल म्हणजे शून्यता. आणि फार थोड्यांच्या लक्षात येतं, की शून्यतेमुळेच सगळं काही शक्य होतं. ती नसती तर जगात काहीच शक्य झालं नसतं. नागार्जुनाची कारिका शेजारी ठेवा: 'सर्वं च युज्यते तस्य शून्यता यस्य युज्यते.' ज्याला शून्यता जुळते त्याला सगळंच जुळतं. मध्ये सुमारे सतराशे-अठराशे वर्षं आहेत, पण सूर एक.

याचा अर्थ काय? समजा, एखाद्या गोष्टीला खरोखरच स्वतःचा स्वभाव आहे, ती कशावरही टेकलेली नाही. मग ती कशानेही हलणार नाही. बियाणं कायम बियाणं राहील, अडाणी कायम अडाणी, हलका ठरवलेला माणूस कायम हलका. जातिव्यवस्थेचा सगळा डोलारा या एका कल्पनेवर उभा आहे, की माणसाच्या आत जन्मतःच काहीतरी ठरलेलं असतं. वासेट्ठ सुत्तात बुद्ध गवत, किडे, साप, पक्षी यांच्या जातींतले फरक मोजून दाखवतात आणि म्हणतात, माणसांत जन्माने असा फरक सापडत नाही. शेतकरी कामाने शेतकरी, कारागीर कामाने कारागीर. जात ही रथासारखी जुळवलेली गोष्ट आहे: लग्नाचे नियम, जमीन, धंद्यांची वाटणी, पोथ्या, भीती. जुळवलेलं आहे म्हणूनच सुटं करता येतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी जे केलं, ते जन्माचा शिक्का पुसला जातो यावर विश्वास असल्याशिवाय झालं नसतं.

म्हणून मी अनित्यतेला सांत्वनाचा शब्द मानत नाही. तो पान्याचा शब्द आहे. नट कुठला, ते शोधायला लावणारा.

"मग रडायचंही नाही का?"

पुण्यानुमोदनाला हमखास कुणीतरी घरच्यांना सांगतं, रडू नका, सगळं अनित्य आहे. मला तिथे बुद्धांचा शिष्य आनंद आठवतो. कुसिनारेला बुद्ध शेवटच्या शय्येवर असताना आनंद विहारात जातो आणि दाराला टेकून रडतो: माझं शिकणं अजून बाकी आहे, आणि माझ्यावर करुणा करणारे शास्ते चालले. बुद्ध त्याला बोलावून घेतात. प्रिय गोष्टींचा वियोग होतोच, हे मी आधीच सांगितलं होतं, शोक करू नकोस, असं म्हणतात. आणि लगेच सांगतात, की तू दीर्घकाळ माझी मैत्रीने, मनापासून सेवा केलीस. आनंद पंचवीसेक वर्षं त्यांच्याजवळ होता. त्याला अनित्यतेची व्याख्या तोंडपाठ होती, तरी रडू आलं. त्याला कुणी विहारातून हाकललं नाही.

आता गुडघा

पुढच्या रविवारी आक्का पुन्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसलो. म्हटलं, आक्का, गुडघा तुमचाच दुखतोय आणि खराच दुखतोय. शून्य म्हणजे दुखत नाही, असं नाही.

बुद्धांनी दोन बाणांचं सांगितलं आहे. शरीराचं दुखणं हा पहिला बाण. मग 'मलाच का, आता मी कायमची अधू झाले, माझं कोण बघणार' हा दुसरा, आणि तो मनाला लागतो. विपश्यनेवाल्या भाऊंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तासभर न हलता बसलं की 'गुडघेदुखी' नावाच्या एकसंध दगडाचे तुकडे दिसायला लागतात: ठणका, ऊब, ताण, मधेच काहीच नाही, परत ठणका. दुखणं उरतं, पण दगड उरत नाही.

"तासभर मांडी कोण घालणार?" आक्का म्हणाल्या. रास्त.

मग मी दुसऱ्या टोकाने गेलो. गुडघा कशाकशावर टेकलाय ते मोजू. वय पंचाहत्तर. चाळीस वर्षं डोक्यावरून पाणी आणि ओझी. वजन थोडं. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम आठ दिवस केला आणि सोडला. आणि चौथा मजला. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. बाहेरून लिफ्ट बसवायचा विषय तीन वर्षं सभेत येतोय, पण तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे लोक वर्गणीला तयार नाहीत.

आक्कांनी बोटं मोजली. वयाचं बोट त्यांनी स्वतःच मिटलं. पाण्याचंही मिटलं, ते झालं ते झालं. तीन उरली.

"म्हणजे सूनबाई म्हणते तसं 'वयाचं आहे, चालायचंच' नाही?"

"एक बोट आहे तसं."

त्या बराच वेळ बोटांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात पत्र्यावर सर आली, वाचणाऱ्याने ओळीवर बोट ठेवलं आणि वर बघितलं. त्या आवाजात आक्का माझ्या कानाशी वाकून ओरडल्या, "तुम्ही कमिटीत होता ना? तो लिफ्टचा अर्ज कसा लिहायचा, जरा सांगा."